दोन बाईंमधला मुकुट

फ्रीसलँडमधल्या आमच्या गावच्या कालव्यावरच्या पुलावर हार्मने एकतीस वर्षं काढली. बोट आली की रस्त्यावरची फाटकं पाडायची, पूल उचलायचा, बोट गेली की खाली घ्यायचा. अर्धा दिवस हार्म, अर्धा दिवस लाउत. दोघांच्या मध्ये एक वही होती आणि एक नियम होता. नुसतं वहीत लिहून भागायचं नाही. दुसऱ्याच्या तोंडावर सांगायचं, आणि त्याने ते आपल्या तोंडाने परत म्हणेपर्यंत जागचं हलायचं नाही.

"उत्तरेचं फाटक अडकतंय," हार्म म्हणायचा.

"उत्तरेचं फाटक अडकतंय. कळलं. आता जा घरी, म्हाताऱ्या," लाउत चिडवायचा, पण म्हणायचा. नियम हार्मनेच घातलेला, आणि त्यापायी अख्खं गाव त्याला हसायचं. बायको होती तेव्हा ती पाव आणायला सांगायची, तर हा दारात उभा राहून 'पाव आणायचा' असं म्हणून मगच निघायचा.

अशा माणसाची नात शाळेत गेली आणि तिच्या वर्गाला बाई मिळाल्या दोन. सोमवार-मंगळवार वित्स्काबाई, बुधवार ते शुक्रवार निंकाबाई. हल्ली आमच्याकडे सगळीकडे हेच चालतं. बाईंनाही घर आहे, पोरंबाळं आहेत, पुरा आठवडा कुणाला नको असतो, आणि त्यात त्यांचं काही चुकतं असं मी म्हणणार नाही. हार्मला मात्र ते पहिल्या दिवसापासून खटकलं.

"दोन घरचा पाहुणा उपाशी," तो म्हणाला.

"हाइत, तुम्ही आणि लाउतकाका दोघंच होता ना पुलावर? बुडालं का कुणी?" त्याची मुलगी यिल्दा म्हणाली. आमच्याकडे बापाला हाइत म्हणतात आणि आजोबांना पाके.

"आम्ही परत म्हणायचो," हार्म म्हणाला.

नात मारित मात्र चार-आठ दिवसांत रुळली. गाणी वित्स्काबाईंची, रंग निंकाबाईंचे. ज्या बाईंना जे ठाऊक, ते त्यांच्याच वाराला मागायचं. गुडघा सोमवारी फुटला, पण जखमेवरची फुलाफुलांची पट्टी निंकाबाईंकडे असते, म्हणून ही बुधवारपर्यंत तसाच गुडघा घेऊन फिरली. पोरगी शहाणी होती. नको तितकी शहाणी होती.

मारितचा बाप ती पोटात असतानाच निघून गेला होता, त्याचं नाव त्या घरात कुणी काढत नसे. आणि त्या हिवाळ्यात यिल्दाचं पोटाचं दुखणं कर्करोग निघालं. डॉक्टरांनी हात टेकले. पुढच्या खोलीत, रस्त्याकडच्या मोठ्या खिडकीशी तिची खाट आणून लावली. मार्चच्या एका रविवारी मारितला पाच पुरी होणार होती.

वाढदिवसाला बाई रंगीत पुठ्ठ्याचा मुकुट करतात, त्यावर वयाचा आकडा डकवतात. पोराला सजवलेल्या खुर्चीत बसवून गाणं म्हणतात, पोर सगळ्या वर्गाला खाऊ वाटतं आणि मुकुट मिरवत घरी येतं. यिल्दाचाही असाच एक मुकुट हार्मने अजून कपाटात जपलेला होता.

"मला ती मुकुट घालून दारातून येताना बघायचीय, हाइत," यिल्दा म्हणाली. "तेवढं होऊ दे. मग काय व्हायचं ते होवो."

खाऊ तिने स्वतः केला. पडल्या पडल्या बावीस संत्र्यांवर पेनाने हसरी तोंडं काढली. दोन दिवस लागले. शेवटच्या सहा-सातांची तोंडं वाकडी झाली. "ही तुमच्यासारखी दिसतात," ती बापाला म्हणाली, आणि हार्म हसला, मग स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडून उभा राहिला.

रविवारचा वाढदिवस शाळेत शुक्रवारी करतात. शुक्रवारी सकाळी हार्म संत्र्यांची पिशवी घेऊन वर्गाच्या दारात गेला. तिथे बाई उभ्या राहून एकेका मुलाशी हात मिळवतात.

"आजोबा, आज निम्मा वर्ग तापाने घरी आहे," निंकाबाई म्हणाल्या. "सोमवारी करू या का? सगळी असतील. मी वित्स्काबाईंसाठी वहीत लिहून ठेवते."

"सोमवारी. वित्स्काबाईंसाठी. वहीत," हार्म म्हणाला.

निंकाबाईंना गंमत वाटली. त्यांनी हो हो म्हटलं. पण त्या दुपारी एक पोरगा झोपाळ्यावरून पडला, त्याचा दात तुटला, रक्त, रडारड, आईबापांना फोन. त्या गडबडीत वही कोरी राहिली.

सोमवारी सकाळी यिल्दाचा श्वास नीट चालत नव्हता आणि नर्स अजून यायची होती. हार्मचा जीव घरी अडकलेला. तो शाळेच्या फाटकापाशीच थांबला. "जा बाळा. वहीत लिहिलंय," असं म्हणून त्याने पिशवी मारितच्या हातात दिली आणि तो घराकडे पळाला. वर्गाचं दार तिथून वीस पावलांवर होतं.

दुपारी मारित फाटकातून आली ती उघड्या डोक्याने. पिशवी भरलेली तशीच.

"मुकुट कुठाय?" हार्मने विचारलं.

"बाईंनी माझं नावच नाही घेतलं, पाके."

"मग तू सांगायचंस ना!"

"त्यांना माहीत नव्हतं. निंकाबाईंना माहीत होतं. त्यांचा वार नव्हता आज." तिचा आवाज बारीक झाला. "मी गोलात अगदी ताठ बसले होते."

वित्स्काबाईंनी भिंतीवरच्या तक्त्यात पाहिलं होतं, वाढदिवस रविवारी, म्हणजे शुक्रवारी उरकला. त्यांनी पोरीचा हात धरून अभिनंदनही केलं होतं.

घरी यिल्दा दीड वाजल्यापासून पाठीशी तीन उशा लावून दाराकडे तोंड करून बसली होती. केस गेलेल्या डोक्याला तिने निळा रुमाल बांधून घेतला होता. तिने लेकीचं डोकं पाहिलं, पिशवी पाहिली.

"उद्या हं, राणी," ती म्हणाली. "उद्यापण वित्स्काबाईच आहेत ना?"

हार्मने कोट परत चढवला होता. "आत्ता जातो आणि एकेकीला सुनावतो."

"हाइत, बसा. ओरडू नका कुणावर. पोरीला अजून कितीतरी वर्षं तिथंच जायचंय."

"मग मी करतो. पुठ्ठा आहे घरात."

"तो बाईंचा नसेल, पाके," मारित म्हणाली.

हार्म बसला. नुसता फोन करता आला असता, पण तेही त्याला सुचलं नाही. उद्या दारात उभा राहून सांगीन, बाईंच्या तोंडून परत म्हणवून घेईन, एवढंच डोक्यात.

मंगळवारी सकाळी तो मारितच्या पावावर लोणी लावून चॉकलेटचे दाणे पसरत होता, तेव्हा पुढच्या खोलीत यिल्दा गेली.

आमच्याकडे माणूस गेलं की दफन करेपर्यंत काही दिवस घरातच ठेवतात. पेटी त्याच खिडकीशी ठेवली, झाकण भिंतीला टेकवून. निळा रुमाल तसाच राहू दिला.

बुधवारी शाळा दुपारी लवकर सुटते. साडेबाराला बेल वाजली. दारात वित्स्काबाई आणि निंकाबाई, दोघी. निंकाबाईंचे डोळे सुजलेले. वित्स्काबाईंच्या हातात सोनेरी पुठ्ठ्याचा मुकुट, त्यावर लाल पाच.

मारितने दोघींना एकत्र कधी पाहिलंच नव्हतं. ती हार्मच्या पायामागे सरकली. "वित्स्काबाई, आज बुधवार आहे," ती म्हणाली. "आज तुमचा वार नाही."

"नाहीये ग," वित्स्काबाई म्हणाल्या. "तरी आले."

"काल बातमी कळली, आम्ही दोघी बोललो, तेव्हा लक्षात आलं. मी लिहिते म्हणाले आणि लिहिलं नाही," निंकाबाई हार्मला म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाची चूक नाही, माझी आहे."

सोमवारपासून हार्म या बायांसाठी शब्द पाजळून बसला होता. तोंडापर्यंत आलेही. पण बाहेर भलतंच पडलं. "मी फाटकापाशी थांबलो, बाई. वीस पावलं होती. जन्मभर दुसऱ्यांना शिकवलं, आणि माझ्या पोरीच्या वेळी..." निंकाबाईंनी त्याचा हात हातात घेतला, आणि तो लहान पोरासारखा रडला.

वित्स्काबाईंनी खाली बसून मारितच्या डोक्यावर मुकुट ठेवला. जरा मोठाच झाला होता. तो दोन्ही हातांनी धरून मारित बाहेरच्या दाराशी गेली, दार लावलं, पुन्हा उघडलं, आणि तिथून चालत पुढच्या खोलीत आली. पेटीजवळचा स्टूल ओढून ती वर चढली.

"आई, आणला मुकुट," ती म्हणाली. मग वळून हार्मला म्हणाली, "सांगितलं मी तिला."

हार्म तिच्या मागे उभा होता. हलायला हवं होतं, बाईंना कॉफी विचारायला हवी होती. एकतीस वर्षांच्या सवयीने तो तसाच थांबून राहिला, पलीकडून कुणी तरी ते परत म्हणेल म्हणून.