धुळीचा ठिपका

ऑफिसात तिला सगळे ठिपकेबाई म्हणतात. पाठीमागे नाही, तोंडावर. तीही ओ देते. माझं टेबल तिच्या टेबलाला लागून, त्यामुळे तिची थट्टा करण्याचा पहिला मान माझाच.

कंपन्यांना पर्यावरणाची, कामगारांची, शेजारच्या वस्तीची काळजी घ्यायची असते. निदान तसं छापायचं तरी असतं. पण सगळ्याचीच काळजी एकदम कोण घेणार? मग ही बाई मालकापासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना विचारते, कुठला विषय किती महत्त्वाचा, एक ते पाच गुण द्या. त्यावरून तक्ता काढते. उभी रेघ लोकांची, आडवी धंद्याची, आणि प्रत्येक विषयाचा एक ठिपका. वर उजव्या कोपऱ्यात पोचलेल्या ठिपक्यांवर कंपनी खर्च करते. बाकीचे गेले उडत.

रंगाच्या कारखान्याचं काम आलं तेव्हा ती हरखली. तिचा थोरला भाऊ तिथेच, रंगाची पूड कालवायच्या खात्यात होता. त्याच्या खोकल्याने घरादाराची झोप उडाली होती.

"या वेळी धूळ कोपऱ्यात जाणारच," ती मला म्हणाली. "पूड ओढून घेणारे पंखे बसवावेच लागतील त्यांना."

उत्तरं आली. पूड कालवणाऱ्या झाडून सगळ्यांनी धुळीला पाचपैकी एकच गुण दिला होता. ती तडक भावाकडे गेली.

"ठरवूनच दिला," दादा म्हणाला. "महत्त्वाचं म्हटलं की साहेबांचं लक्ष जातं. ते आमच्याकडे नकोच जायला."

"अरे, पण तुझी छाती?"

"छाती माझीच आहे ना? मग राहू दे."

तिच्या जागी मी असतो तर त्याचं ऐकलं असतं. मी भित्रा माणूस. तिने कारखान्याच्या डॉक्टरांचं मत जास्त धरलं, वस्तीतल्या बायकांच्या तक्रारी जोडल्या आणि ठिपका कोपऱ्यात नेला. नियमाला धरूनच. साहेबांनी गंभीरपणे मान डोलावली, लगेच निर्णय घेऊ म्हणाले. त्या दिवशी तिने आम्हा सगळ्यांना कॉफी पाजली.

निर्णय खरंच लगेच झाला. ते खातंच बंद केलं. पूड कालवायचं काम भिंतीपलीकडच्या शेडमध्ये एका ठेकेदाराला दिलं. माणसं तीच, पूड तीच. पंखे नाहीत, डॉक्टर नाही, नोकरीही पक्की नाही.

पुढच्या वर्षी तक्ता करायला ती पुन्हा गेली. साहेब हसून म्हणाले, "धूळ आता आमच्या आवारात नाही, तो विषय काढून टाका. तुमच्यामुळेच प्रश्न सुटला." आवाराबाहेरचं मोजायचं नाही, हे त्यांनी आमच्याशी केलेल्या करारात आधीच लिहून घेतलं होतं. तिने ठिपका पुसला. हे ऐकून माझा संताप संताप झाला. पण भांडायचं कुणाशी? सगळे इतके नम्र.

परवा तिच्यासोबत दादाला बघायला गेलो. पाठीशी उशा रचून तो बसला होता. आता आडवं होता येत नाही. ती त्याच्या पायाशी बसली आणि रडायला लागली.

"वेडी का तू?" तो म्हणाला. "माझ्या भल्यासाठीच तर तू..."

एवढ्यात त्याला दम लागला. आम्ही थांबलो. तो हाताने 'थांबा, सांगतो' अशी खूण करत राहिला, आणि ते वाक्य काही त्याला पुरं करता आलं नाही.