लांब सुरांचा अल्बम

शनिवार, १४ डिसेंबर, सकाळी सात वाजून चाळीस मिनिटे. इंदापूरहून बारामतीकडे निघताना मी गाडीत नवा अल्बम सुरू केला. हा परदेशी प्रोग्रेसिव्ह रॉक बँड मी कॉलेजपासून ऐकत आले आहे, आणि या अल्बमची कित्येक वर्षे वाट पाहिली होती.

शेजारी अब्बा बसले होते; तपासणीला यायचे म्हणून आज त्यांनी यंत्रे घातली होती. ती श्रवणयंत्रे मीच बसवलेली. बारामतीच्या दवाखान्यात माझे तेच काम आहे. अब्बा लग्नाच्या बँडचे मास्तर. उभे आयुष्य पितळी वाद्यांच्या मधोमध क्लॅरिनेट वाजवल्यावर कानांचे जे होते, तेच त्यांच्या कानांचे झाले होते. दिवाळीनंतर मी यंत्रे दिली. यंत्र स्वतःच्या वापराची नोंद ठेवते, आणि मागच्या तपासणीत दिवसाची सरासरी निघाली होती ०.३ तास. म्हणजे ती डबीतच पडून होती. कारण विचारले तर उत्तर एकच : "बसत न्हाय कानात."

त्याच सुमारास क्लॅरिनेटही पेटीत गेले. आठवड्यावर आलेली सणसरच्या लग्नाची सुपारी दुसऱ्या मास्तराला देऊन टाकायचे त्यांच्या मनात होते. बँडमध्ये नोटेशन कोणी वाचत नाही. मास्तर गाणे ऐकतो, ओळीओळीने सरगम सांगतो आणि बाकीचे ती पाठ करतात. मास्तरच थांबला की सगळा बँड थांबतो.

गाडीत वाजणाऱ्या या परदेशी मंडळींच्या जुन्या अल्बममध्ये सात, अकरा, तेरा मात्रांची गणिते असत. ती उलगडण्यात मला प्रमेय सुटल्याचे समाधान मिळे. अब्बांचे मत वेगळे होते : "सात मात्रांवर वरात नाचायची कशी? एक पाय वरच राहील." नवा अल्बम मात्र बहुतेक चार मात्रांत बांधलेला, गुणगुणता येईल असा, आणि भावना दाखवायला न लाजणारा. इंटरनेटवर जुने चाहते नाराज होते. पहिली दोन गाणी संपेपर्यंत मीही त्यांच्याच बाजूची होते.

"हे बरं हाय," अब्बा म्हणाले. "पण एवढं हळू वाजवलं तर नवरदेव घोड्यावरच झोपंल."

भवानीनगरच्या अलीकडे उसाच्या दोन ट्रॉल्यांमागे आम्ही अडकलो, तेव्हा तिसरे गाणे लागले. कीबोर्डच्या संथ सुरांवर गिटारचा एकच सूर येतो आणि बराच वेळ तसाच उभा राहतो.

"ह्यो गिटारवाला थंडीनं कापतोय का?"

"कुठं कापतोय?"

"लांब सूर धरला की कापतोय. माझा क्लारनेट बी असाच कापतो." ते पुढे म्हणाले, "आधी ऐकूच येत नव्हतं, म्हणून कळलं न्हाय. तुझ्या मशीननं खरं सांगितलं. फुंक संपली माझी."

मी गाडी कडेला घेतली, आवाज वाढवला आणि यंत्रे काढायला सांगितली. तोच सूर पुन्हा लावला.

"आता?"

अब्बांनी मान कलती करून ऐकले. "आता सरळ हाय."

कारण माझ्या लक्षात आले. श्रवणयंत्र कधीकधी स्वतःच शिटी वाजवते आणि ती शोधून दाबण्याची सोय त्याच्यातच असते. बोलण्यात इतका लांब आणि स्थिर सूर कधी नसतो, त्यामुळे तसा सूर आला की यंत्र त्यालाच शिटी समजून हलवू लागते. जुन्या अल्बममधले सूर इतक्या झपाट्याने येतात आणि जातात, की त्यांवर हे कधी उघडकीस आले नसते.

"फुंक ठीक आहे तुमची, अब्बा. सूर मशीन हलवत होतं."

"मशीन खोटं बोलतं व्हय?"

"त्याला फक्त बोलणं ऐकायला शिकवलंय, गाणं नाही."

"मग शिकव की. एवढी शिकलीस कशाला?"

दवाखान्यात मी संगीतासाठी वेगळा प्रोग्राम तयार केला : शिटी दाबणे जवळजवळ बंद, मोठ्या आवाजावरची मर्यादा कायम. संध्याकाळी घरी क्लॅरिनेट पेटीतून बाहेर आले. अब्बांनी एक लांब सूर धरला आणि तो संपेपर्यंत कोणाकडेही पाहिले नाही. मग तिसऱ्या गाण्याची चाल चाचपडत वाजवायला घेतली.

"महिनाभर घरात शांतता होती," अम्मी स्वयंपाकघरातून म्हणाली. "बरी होती." आणि तिने गॅस बारीक केला.

सणसरच्या लग्नात पाठवणीच्या वेळी बँडने तीच चाल वाजवली. नवरीच्या मामांनी जवळ येऊन विचारले, "कुठल्या पिक्चरचं हाय, मास्तर?"

"नवीन हाय," अब्बा म्हणाले. "पिक्चर अजून यायचाय."

जानेवारीच्या तपासणीला मी यंत्रे संगणकाला जोडली. प्रोग्राम दोन, संगीत. दिवसाचा सरासरी वापर : ३.८ तास.