पोट पाहिल्याशिवाय नोंद नाही

मेश्राम सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी कळंबच्या शाळेत मुलांना कढीपत्त्यावरची अळी दाखवत होते. पाखराच्या विष्ठेसारखी दिसणारी ही अळी डिवचली की डोक्यामागून लालसर शिंग काढते आणि घाण वास सोडते... हे मला सरांनीच शिकवलं, बोरी अरबला, सातवीत. आता महिना होत आला. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं म्हणतात. मी जसं होतं तसं लिहिणार आहे, कारण तेही सरांनीच शिकवलं.

सरांचा जीव बहुरूपी या फुलपाखरावर; ती अळी त्याचीच. गुलाब आणि किरमिजी गुलाब ही फुलपाखरं विषारी वेलीवर वाढतात, म्हणून पक्षी त्यांना तोंड लावत नाहीत. बहुरूपीच्या काही माद्या हुबेहूब त्यांच्यासारखे लाल ठिपक्यांचे पंख मिरवतात आणि फुकटात वाचतात. सोंग सगळं जमतं, पोटाचं तेवढं जमत नाही. गुलाबांचं पोट लाल, हिचं काळं. "पंखाले भुलू नको पोरी, पोट पाह्य," सर म्हणायचे. आमचा नियमच होता, दोघांनी पोट पाहिल्याशिवाय वहीत नोंद नाही. दर रविवारी मी बोरीला जायचे आणि शेवटच्या रकान्यात दोघांच्या सह्या व्हायच्या.

गेल्या वर्षी नाल्याकाठी रायमुनियाच्या फुलांवर एक मोठं, लाल ठिपक्यांचं उतरलं. ऊन नेमकं माझ्या डोळ्यांवर. आमच्या यादीत नसलेला किरमिजी गुलाब असणार, या आशेने मी ओरडलेच, "सर, लाल हाय का काळं?"

"लाल. लिही," सर म्हणाले. क्षणभरही थांबले नाहीत.

आमची फुलपाखरांची यादी छापली. यवतमाळच्या कॉलेजातल्या एका बाईंनी त्याच नाल्यावरचा काळ्या पोटाचा फोटो पाठवून शंका काढली, तर मी त्यांना फाडफाड सुनावलं. आमच्या सरांच्या नजरेवर शंका घेता?

सरांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्यांच्या पत्नीने, काकूंनी, वही माझ्या हातात दिली. "तूच ने आता. त्याईले तं दोन सालापासून पोट काय, पंखबी धड दिसत नव्हते."

"मंग मले सांगतलं काहून नाही?"

"मी म्हणलं न, सांगून द्या पोरीले. तं म्हणे, दिसत नाही म्हणलं तं पोरगी कायले येईन रविवारी?"

मला रडू आलं नाही, संताप आला. दोन वर्षं सर माझ्या आवाजावरून उत्तरं देत होते. मी हरखले की लाल, मी कचरले की काळं. माझीच आशा मला साक्ष म्हणून परत देत होते आणि खाली सही करत होते! आले असते हो सर मी... चहाला आले असते, भांडायला आले असते, नुसती बसायला आले असते. तुम्ही पोट न पाहताच माझी नोंद करून टाकलीत.

बाईंना माफीचं पत्र लिहिलं. दोन वर्षांच्या नोंदींवर काट मारली. गेल्या रविवारी बोरीला गेले. अंगणातल्या कढीपत्त्याखाली सरांची खुर्ची अजून तशीच आहे. लाल ठिपक्यांची एक मादी अंडी घालायला कोवळ्या पानांवर उतरली. पोट काळं कुळकुळीत, मला स्पष्ट दिसलं. मी हाक मारली, पण काकू पदराला हात पुसत येईपर्यंत ती कुंपणापलीकडे गेली होती.

"काकू, पाह्यलं का तुम्ही?"

"नाही बा, मले नाही दिसलं."

मी वही मिटली. तुम्हीही एवढंच तर म्हणायचं होतं, सर.