उजव्या दाताचा कोपरा

माणसं त्याला ओठांच्या आतून ओळखता यायची. नाव, चेहरा, धंदा यांच्याशी त्याचा कधी संबंधच आला नाही. बावीस वर्षं तो दातांच्या लॅबमध्ये कारागीर होता. दवाखान्यात डॉक्टर पेशंटच्या दातांचं माप घेत, ते माप डब्यातून लॅबमध्ये येई आणि त्यात प्लास्टर ओतलं की तासाभरात कुणाचे तरी दात टेबलावर हजर. डब्यावर नुसता नंबर. त्या दातांवर हा कॅपा, म्हणजे अख्खा दात झाकणाऱ्या टोप्या, बनवायचा, नाहीतर व्हिनियर, म्हणजे दाताच्या दर्शनी बाजूला चिकटवायचे चिनीमातीचे पातळ पापुद्रे. मग कधी रस्त्यात एखादी बाई मोकळेपणी हसली की हा थबकायचा आणि मनाशी म्हणायचा, अरे, ही तर एकशे अठरा नंबर! परक्या बायकांच्या तोंडाकडे टक लावण्याच्या या सवयीपायी शेजारणींची बोलणी मात्र त्याच्या बायकोला खावी लागत.

लॅबमध्ये मालकापासून झाडणाऱ्या मावशींपर्यंत सगळे त्याला भिंगरी म्हणत. बसल्या जागी त्याचा गुडघा हलायचा. बँकेत तो तीनदा रांग बदलायचा आणि तीनही वेळा मागे पडायचा. जेवताना मध्येच उठून खिडकी लावून यायचा, दोन घास खाल्ले की पुन्हा उघडून यायचा. फक्त हातात काम आलं की हे सगळं थांबे. बारीक ब्रशने चिनीमातीचे थर देताना त्याचा हात असा ठरायचा, की बघणाऱ्याने श्वास रोखून धरावा.

त्या सोमवारी चारशे सात नंबरचा डबा आला. चिठ्ठी एका नेहमीच्या डॉक्टरांची, घाईघाईच्या अक्षरातली: वरचे पुढचे सहा दात, सहा कॅपा, रंग सगळ्यात पांढरा. गुरुवारी अकराला दात कापणार, तात्पुरत्या कॅपा बुधवार संध्याकाळपर्यंत हव्यात. यात नवल काही नव्हतं. अशा कामात डॉक्टरांच्या आधी कारागिरालाच दात कापावे लागतात, प्लास्टरचे. साच्यावरचे दात चारी बाजूंनी घासून बारीक करायचे आणि त्या खुंटांवर तात्पुरत्या कॅपा तयार ठेवायच्या, म्हणजे खरे दात कापून झाल्यावर पेशंटला तसंच घरी जावं लागत नाही. भिंगरीने असे हजारो दात घासले होते. त्याने साचा डाव्या हातात धरला, मोटर सुरू केली, टोक उजवीकडच्या समोरच्या दातापाशी नेलं आणि हात तिथेच अडला.

त्या दाताचा खालचा कोपरा तिरका उडालेला होता. आणि समोरच्या दोन दातांच्या अलीकडे-पलीकडे तांदळाच्या दाण्यासारखे दोन टोकदार, अपुरे दात होते.

तो कोपरा कसा उडाला हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. अठरा वर्षांपूर्वी आठ वर्षांची त्याची लेक सायकलच्या दांड्यावर बसली होती. उतार होता. लॅबच्या दाराला कुलूप लावलं की नाही या शंकेने हा शहाणा चालत्या सायकलवरून मागे वळून बघत होता. समोर कठडा आला, याने ब्रेक दाबला आणि पोर तोंडावर हँडलवर आपटली. तुटलेला कपचा शोधत तो अर्धा तास रस्त्यावर गुडघ्यांवर फिरला, पण सापडला नाही. घरी गेल्यावर त्याने सांगितलं, "पोरगी दांड्यावर हलली." जन्मात कधी स्वस्थ न बसलेल्या माणसाने पोरीवर हलल्याचा आळ घेतला आणि घरात सगळ्यांनी तो मानलाही.

चारशे सात नंबर म्हणजे त्याची मुलगी होती.

त्याने मोटर बंद केली. उठला, पाणी प्यायला, परत आला, पुन्हा पाणी प्यायला गेला. "काका, बरं वाटत नाही का?" शेजारच्या टेबलावरच्या पॉलिशवाल्या मुलीने विचारलं. "प्लास्टर डोळ्यात गेलं," तो म्हणाला. मग मालकांच्या खोलीत जाऊन त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "चारशे सातला सहा कॅपांची काय गरज? बाजूचे दोन दात लहान आहेत, एवढंच. न कापता व्हिनियर बसतील."

"भिंगरी, चिठ्ठी वाचायची आणि काम करायचं," मालक वर न बघता म्हणाले. "तोंड त्यांचं, डॉक्टर त्यांचा."

तोंड आपल्याच घरातलं आहे, हे त्याला सांगवेना. बापाला न विचारता मुलगी परस्पर डॉक्टरकडे गेली, हे लॅबभर कोण करणार?

मुलगी श्रवणयंत्रांच्या दुकानात कामाला होती. ऐकू न येणारी माणसं दिवसभर तिच्या ओठांकडे बघत. आणि तिला लहानपणापासून सवय अशी, की बोलताना हात तोंडावर जायचा. गेल्या महिन्यात एक आजोबा सगळ्यांदेखत तिच्यावर ओरडले होते, "अगं, हात काढ, मला कळत नाही!" मग दुकानाच्या बाईंनी तिला आत बोलावून सांगितलं होतं, की असंच चालणार असेल तर तिला मागच्या खोलीत, यंत्रदुरुस्तीला बसवावं लागेल. हे सगळं भिंगरीला त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात बायकोकडून कळलं.

"म्हणजे दातांचं तुला माहीत होतं?"

बायकोने गॅस बारीक केला. "होतं. ती म्हणाली, बाबांना सांगू नकोस. ते पुन्हा थांब म्हणतील."

पंधराव्या वर्षी तिने त्याला विचारलं होतं, बाबा, माझे हे दोन दात नीट करून द्याल का? तो म्हणाला होता, थांब, अठरा होऊ दे, तोवर जबडा वाढतो. सल्ला अगदी बरोबर होता. मग अठरा आलं आणि गेलं, तिने परत विचारलं नाही आणि याच्या लक्षातही राहिलं नाही. या काळात त्याने किती परक्या पोरींना हसू बनवून दिलं, त्याची गणती नव्हती. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटल्यावर पुष्कळ नवरे करतात तेच त्याने केलं. भाजीत मीठ नाही म्हणून बायकोवर ओरडला. भाजीत मीठ होतं.

मंगळवारी त्याने डॉक्टरांना फोन लावला. फोन कानाला लावून तो लॅबच्या जिन्यावर वर-खाली करत होता. डॉक्टर माणूस वाईट नव्हता, पण दात कापायला मागेपुढे बघत नसे.

"अहो, न कापता लावलं की जाड दिसतं," डॉक्टर म्हणाले. "पेशंट म्हणतात, ओठ फुगल्यासारखा वाटतो."

"जाडी माझ्यावर सोडा. नखाहून पातळ करून देतो."

"आणि कॅपांचं मी सुचवलेलं नाही बरं का. तिलाच सहाही दात हवेत, एकसारखे, पांढरेशुभ्र. दात बारीक करावे लागतील, हेही मी सांगितलंय. ती म्हणाली, करा काय करायचं ते."

म्हणजे लेकीनेच सांगितलं होतं. तो जिन्यात बसला आणि बराच वेळ त्याचा गुडघासुद्धा हलला नाही.

मग त्याने ठरवलं. एक साचा अगदी चिठ्ठीबरहुकूम केला: सहाही दात घासले, खुंट केले, तात्पुरत्या कॅपा बनवल्या. घासताना त्याने दोनदा काम सोडून फेऱ्या मारल्या. मापात पुन्हा प्लास्टर ओतून दुसरा साचा काढला. त्यावरच्या एकाही दाताला टोक लावलं नाही. बाजूच्या दोन दाण्यांवर मेण चढवून त्यांना पुरते दात केले, उडालेला कोपरा मेणाने भरला आणि त्या सगळ्यावर रबराचा नरम लगदा दाबून ठसा घेतला.

बुधवारी कॅपा दवाखान्यात पोचवून तो दोन्ही साचे डब्यात घालून घरी आला. मुलगी नुकतीच दुकानातून येऊन टेबलाशी बसली होती. त्याने आधी खुंटांचा साचा तिच्यापुढे ठेवला.

"हे काय?"

"तू. उद्या अकरा वाजता."

तिने साचा उचलला, फिरवला. सहा बारीक खुंट, मधे रिकाम्या फटी. तिचा हात आपसूक तोंडावर गेला. "तुम्हाला कुणी सांगितलं? आईने?"

"तुझ्या कोपऱ्याने. हा डबा माझ्याच टेबलावर आला."

"मग आला तर आला!" ती उसळली. "बारीक करावे लागतात, सांगितलंय मला डॉक्टरांनी."

"एवढे सांगितले होते?"

तिने एका खुंटावरून बोट फिरवलं. बायको दारात येऊन उभी राहिली होती. भिंगरी टेबलाला फेऱ्या घालत बोलू लागला, आणि घरात तो एवढं सलग कधी बोलला नव्हता. कापलेला दात परत उगवत नाही. कॅप कधीतरी बदलावी लागते, मग आणखी कापावं लागतं, आणि तू सव्वीस वर्षांची आहेस. एका कोपऱ्याचं सोडलं तर सहातले चार दात चांगले आहेत, त्यांचा काय गुन्हा? पापुद्राही निघू शकतो, तुटू शकतो, खोटं सांगत नाही. पण निघाला तर खाली तुझा दात होता तसा असेल. त्याने दुसरा साचा पुढे केला आणि रबराचा ठसा तिच्या हातात दिला. "उद्या डॉक्टरांना म्हण, मोटर लावायच्या आधी यात दाताच्या रंगाचा मसाला भरून दातांवर बसवून दाखवा. तात्पुरतं असतं, निघतं. आरशात बघ, बोलून बघ. नाही आवडलं तर सहा कॅपा तयार आहेत, मीच केल्यात."

"तुम्ही परत थांबच म्हणताय मला."

"अर्धा तास," तो म्हणाला. "अकरा वर्षं थांबवलं, ते चुकलं माझं. आता अर्धा तास थांब."

तिने साचे आणि ठसा उचलून आपल्या खोलीत नेले.

गुरुवारी अकरा वाजता भिंगरीच्या हातून रंगाची बाटली सांडली. सव्वा अकराला त्याने दुसऱ्याच कुणाच्या दाढेची कॅप उलटी घासली. मालकांनी वैतागून त्याला हातमोजे आणायला बाहेर पिटाळलं, तर तो हातमोजे विसरून परत आला. बारा, एक, दोन. तीन वाजता डबा आला. चारशे सात. त्याला तो उघडवेना.

"तू उघड," तो पॉलिशवाल्या मुलीला म्हणाला.

तिने नवं माप उजेडात धरलं. "दात तर सगळे अख्खे आहेत काका." मग चिठ्ठी वाचली, "बाजूचे दोन, व्हिनियर. दात कापलेले नाहीत. रंग लॅबमध्ये जुळवावा, पेशंट शुक्रवारी येईल. कोपऱ्याचं पेशंट स्वतः सांगेल. खाली लिहिलंय, आता नखाहून पातळ करून दाखवाच."

भिंगरी माप हातात घेऊन खाली बसला. डोळे भरून आले होते आणि या वेळी त्याने प्लास्टरचं नाव सांगितलं नाही.

शुक्रवारी दुकानात जाण्याआधी ती आली. त्याने तिला खिडकीजवळ, उजेडाकडे तोंड करून बसवलं. हात तोंडाकडे निघाला, तो तिने मांडीखाली दाबून धरला. इतक्या वर्षांत त्याने तिचे दात असे समोरून, जवळून पाहिलेच नव्हते. दातांचे रंग जुळवायची पट्टी तिच्या दातापाशी नेली, तर पट्टी दातावर टकटक वाजायला लागली. बावीस वर्षांत कामावर असं पहिल्यांदाच झालं.

"पांढरेशुभ्र नाहीत तुझे. जरा पिवळट आहेत, माझ्यासारखे. तोच रंग घेऊ?"

तिने मान हलवली.

"आणि कोपरा? तो डॉक्टरही मसाला लावून भरतील, पाच मिनिटांत. नाहीतर मी त्याचा तुकडा करून देतो. तू म्हणशील तसं."

तिने नजर खिडकीबाहेर वळवली. "बाबा, मी हलले नव्हते," ती म्हणाली. "सायकलवर. मी दांडा घट्ट धरून बसले होते."

पलीकडे पॉलिशची मोटर चालू होती. भिंगरीने पट्टी खाली ठेवली.

"नव्हतीस हलली," तो म्हणाला. "मी मागे बघत होतो. कुलूप लावलं की नाही ते बघत होतो. आणि घरी येऊन तुझं नाव सांगितलं."

"मला माहीत होतं."

"आईला आज सांगतो."

"सांगा." तिने दोन्ही हात मांडीवर घेतले. "मग कोपरा तुम्हीच भरा. डॉक्टरांना नका देऊ."

त्याने पट्टी पुन्हा उचलली, तिची हनुवटी उजेडाकडे वळवली आणि म्हणाला, "तोंड उघड." या वेळी पट्टी दातापाशी स्थिर राहिली.