टॅबताई आणि आत्याचं पोहणं

ऑफिसात तिला कुणी नावाने हाक मारत नाही. ती टॅबताई. सकाळी आली, की ही बाई माऊस ड्रॉवरमध्ये टाकते, कॉम्प्युटरचा पडदा बंद करते, कानाला हेडफोन लावते आणि दिवसभर कीबोर्डवरचं टॅबचं बटण बडवत बसते. नवा आलेला माणूस हमखास विचारतो, "यांचा कॉम्प्युटर बिघडलाय का?" बिघडलेला नसतो. ज्यांना दिसत नाही त्यांना वेबसाइट कशी ऐकू येते, ते ऐकणं हेच तिचं काम. त्यात ती इतकी मुरली आहे, की पडदा वाचून दाखवणाऱ्या त्या घाईच्या आवाजालाही दम देते, "हळू बोल रे मेल्या!"

तिचा गट शहराच्या वेबसाइटचं काम बघतो. हा पसारा अवाढव्य. पाणी, बागा, वाचनालयं, प्रत्येक खात्याचे लोक आपापली पानं स्वतः भरतात. बटणं, चौकटी, तक्ते असे तयार ठोकळे मात्र टॅबताईचा गट बनवून देतो. एक ठोकळा सुधारला, की तो जिथे जिथे बसवला असेल तिथे आपोआप सुधारतो. या गोष्टीवर टॅबताई बेहद्द खूश असायची.

यंदा तिने बटणाच्या ठोकळ्यात एक लपलेला रकाना घातला. त्यात जे नाव लिहाल ते पडद्यावर दिसणार नाही, पण आवाज वाचून दाखवील. लोकांना कळावं म्हणून तिने आधीच त्यात लिहून ठेवलं, 'नमुना मजकूर'. खातेवाले ते खोडून खरं नाव लिहितील असं तिने गृहीत धरलं, आणि मोठ्या तोऱ्यात आत्याच्या घरी गेली.

आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. तिने अर्ध्या गावाला पोहायला शिकवलं. फक्त सख्खी भाची तलावाच्या काठावरूनच रडत परत आली. नजर गेली तरी आत्याचं पोहणं सुटलं नव्हतं. सुटलं ते तलावाची नोंदणी वेबसाइटवर गेल्यावर. "दर वेळी कुणाच्या हातापाया पडून नाव घालायचं असेल, तर मला नकोच ते पोहणं," असं तिने जाहीर केलं आणि पोहण्याचा पोशाख कपाटाच्या तळाशी कोंबला. तेव्हापासून जेवण नीट नाही, झोप नाही, येताजाता चिडचिड. टॅबताईला ते बघवत नसे. एवढा खटाटोप चालला होता तो त्यासाठीच.

"बस इथे, आणि तोंड बंद ठेव," आत्या म्हणाली. तिने तलावाचं पान उघडलं. आवाज सुरू झाला, "नमुना मजकूर, बटण. नमुना मजकूर, बटण. नमुना मजकूर, बटण."

"पूर्वी नुसतं 'बटण, बटण' म्हणायचा," आत्या शांतपणे म्हणाली. "ही सुधारणा का?"

टॅबताईचा चेहरा खर्रकन उतरला. "आत्या, तिसरं दाब. तेच नोंदणीचं आहे."

"तू कानाशी बसल्यावरच चालणारी वेबसाइट काय कामाची गं?" आत्याने कॉम्प्युटर बंद केला. "चहा टाक."

खातेवाल्यांवर खापर फोडता आलं असतं. पण जो मजकूर पानावर कुणाला दिसतच नाही, तो कोण कशाला खोडेल? आणि जगाला ऐकायला सांगणाऱ्या टॅबताईने ऐकलं होतं ते फक्त स्वतःचं चाचणीचं पान. तिथली नावं तिनेच लिहिलेली! तिची तिलाच लाज वाटली. तिने तो नमुना काढून टाकला, आणि रकाना रिकामा असेल तर पान प्रसिद्धच होणार नाही असा चाप लावला. मग तलावाच्या कारकुनाला गाठून त्याचा पडदा बंद केला आणि त्याच्या डोक्यावर आपला हेडफोन चढवला.

"अहो, काहीच कळत नाहीये!" तो ओरडला.

"कळेल असं लिहा आता," टॅबताई म्हणाली. बिचाऱ्याने निमूटपणे एकेक नाव लिहिलं आणि स्वतः ऐकूनही पाहिलं.

नोंदणी उघडली त्या सकाळी आत्याने खोलीचं दार लावून घेतलं. टॅबताई बाहेर जीव मुठीत धरून उभी. आत आवाजाची टकळी चालू होती. मग सगळं सामसूम.

"आत्या, झालं का?"

"गप्प बस!"

आवाज पुन्हा सुरू झाला, पुन्हा थांबला. अखेर दार उघडलं. आत्या तिला बाजूला सारून थेट कपाटाकडे गेली आणि तळाचा पोशाख उपसून काढला. "मिळाली जागा," ती म्हणाली. "सकाळच्या तुकडीत." टॅबताईने तिला घट्ट मिठी मारली. डोळे भरून आले ते काही केल्या थांबेनात.

"रडणं जरा उद्याला ठेव," आत्या म्हणाली. "शेवटी एक बटण होतं, 'आणखी एक व्यक्ती जोडा'. इतकं स्वच्छ वाचलं त्याने, की मला राहवलं नाही. तुझं नाव घातलंय."

"आत्या! मला पाण्याची भीती वाटते!"

"ठाऊक आहे मला." आत्याने तिचा हात चाचपून घट्ट धरला. "मी असेन ना शेजारी."