त्या शेगडीत लांबी नव्हती

वसंत मिस्त्री गेल्याचा फोन त्याच्या मुलीने, शैलाने केला. मी पहिला प्रश्न विचारला, "शेवटी काही बोलला का गं?" तिला वाटलं, काका हळवे झालेत. "नाही काका, झोपेतच गेले," ती म्हणाली. मी सुटकेचा श्वास सोडला... आणि लगेच माझीच मला लाज वाटली. इतक्या वर्षांचा मित्र गेल्यावर ज्याला आधी हे विचारावंसं वाटतं, त्याने काहीतरी दडवलेलं असतं. मी दडवलं होतं. ते आज लिहितो.

गोष्ट महाराष्ट्र राज्य व्हायच्या एक-दोन वर्षं आधीची. मी तलासरीला कोळशाच्या वखारीत कारकून होतो. वसंत डहाणूचा, चिकूवाड्यांतल्या विहिरींवरची तेलाची इंजिनं दुरुस्त करायचा. हत्यारांची पिशवी सायकलला अडकवून गावोगाव फिरायचा आणि वखारीवरून जाताना मला हाक मारल्याशिवाय पुढे जायचा नाही. एका शेठच्या बंगल्यामागे, पडक्या गोठ्यात, त्याला एक बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, शेगडी सापडली. जाड पट्ट्यांची जाळी, बाजूला हवेची झडप, चारांतला एक पाय मोडलेला. जुन्या काळी कुणा साहेबाने मासळी-मटण भाजायला आणलेली असावी. आता तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. शेठ म्हणाले, "मिस्त्री, होळीनंतर माझे पाहुणे येणार. ही चालू करून दाखव, मग माझ्या सगळ्या वाड्यांची इंजिनं तुझ्याकडे. कायम." वसंतचं लग्न ठरलं होतं. "कायम" हा शब्द त्याने वखारीत येऊन मला तीनदा ऐकवला.

महिनाभर तो त्या शेगडीमागे लागला. रॉकेलमध्ये भिजवून गंजलेले बोल्ट सोडवले, विटेच्या तुकड्याने आणि तारेच्या ब्रशने गंज काढला, मोडक्या पायाच्या जागी लोखंडी पाय घडवून बसवला. मग मंद आचेवर पुन्हा पुन्हा तेल चोळलं, तेव्हा तिला काळी तुकतुकी आली. रविवारी मीही हात लावायचो. "कारकून, शाईची बोटं धुऊन ये, तिला डाग पडेल," असं तो चिडवायचा. शेवटच्या दिवशी त्याने हातोडीने सगळीकडे हलकेच ठोकून पाहिलं. धड बीड घंटेसारखं वाजतं, तडा असला की बद्द आवाज येतो. ती शेगडी घंटेसारखी वाजली. मी शेजारी उभा होतो. मी ऐकलं.

पाहुणे यायच्या दिवशी दुपारी वसंत पापलेट आणायला आगर गावाला निघाला. जाताना मला म्हणाला, "निखारा नुसता धरू दे. वारा घालू नको. आणि काही झालं तरी पाणी नको, तापलेलं बीड तडकतं. फार भडकलं तर राख टाक." मी हो म्हटलं. मनात म्हटलं, हा मला कोळसा शिकवतोय! वारा घातला, कोळसा जास्त टाकला. ज्वाळा पाहुण्यांसाठी घातलेल्या मांडवाच्या कापडापर्यंत जायला लागल्या. आमच्या वखारीत पोत्याला धग लागली की पाणी ओतायचं, एवढंच हाताला ठाऊक. मी बाजूची कळशी उचलून ओतली. वाफेतून "टक्" असा आवाज आला. बारीकसा. मी जाळी पुसली, नवे कोळसे पेटवले आणि गप्प बसलो.

पहिल्या पापलेटाची बाजू उलटताना तळ दुभंगला. निखारे सतरंजीवर पडले, पाहुणे ओरडत उठले. "अरे, आ शुं थयुं? काय झालं हे?" शेठ धावत आले. वाकून त्यांनी तडा पाहिला आणि मला बाजूला घेतलं. "तू याच्यासोबत होतास. तडा आधीचाच ना? लांबी भरून वर काळं फासलं याने?"

लांबी म्हणजे भेगा बुजवायचा लगदा. लाकडात भरतात; बिडात भरणं म्हणजे शुद्ध फसवणूक.

मी म्हटलं, "असेल."

एवढंच. वसंत दोन हातांच्या अंतरावर उभा होता. तो माझ्याकडे बघत नव्हता, शेगडीखालच्या ओल्या राखेकडे बघत होता.

ते काम गेलं. बोर्डीपासून चिंचणीपर्यंत त्याला "लांबीवाला मिस्त्री" हे नाव पडलं. इंजिन उघडलं की मालक शेजारी खुर्ची टाकून बसायचे, नवा वायसर बसवला तरी जुना मागून घ्यायचे. लग्न झालं, संसार झाला, पण तो शेवटपर्यंत सायकलवरच राहिला. शेठने फेकलेली शेगडी मात्र त्याने घरी आणली, तड्यावर लोखंडी पट्टी बोल्टने आवळली आणि साठ सालानंतरच्या कितीतरी रविवारी तिच्यावर मला बोंबील भाजून घातले. मी खाताना त्याचा चेहरा वाचायचो. "कारकून, आज गप्प का?" म्हणाला तरी त्यात मला काहीतरी दिसायचं. त्याला ठाऊक आहे? मग बोलत का नाही? मी बोलायची तो वाट बघतोय? चोर मी होतो आणि संशय मी त्याच्यावर घेत होतो.

महिन्यानंतर डहाणूला गेलो. शैलाने अंगणात तीच शेगडी पेटवली होती. मी खुर्चीत बसलो, तशी तिने बोलता बोलता माझ्याजवळची पाण्याची कळशी उचलली आणि पार पायरीपाशी नेऊन ठेवली.

"ती का हलवलीस?"

"बाबांची सवय हो. लहानपणापासून बघतेय. शेगडी पेटवली की कळशी लांब. आता माझ्याही हाताला लागलीय."

"कुणीही आलं तरी?"

ती थबकली. आठवून म्हणाली, "नाही... फक्त तुम्ही आलात की."

मग मी तिला सगळं सांगितलं. घंटेसारखा आवाज, कळशी, "असेल". निखारे आपोआप विझेपर्यंत आम्ही दोघं तिथेच बसलो. कळशी पायरीपाशीच होती.