जुडी सोडणाऱ्या साळवेबाई

साळवेबाई चुकलेलं गणित कधी खोडत नसत. त्याच्याभोवती पेन्सिलीने हलकं वर्तुळ काढत आणि मुलाला जवळ बसवून विचारत, "इथवर कसा आलास, सांग बघू." मूल बोलेपर्यंत त्या गप्प राहत, कितीही वेळ लागो. त्यांचं ते गप्प राहणं मला आजही सोडत नाही.

मी यवतमाळकडचा. चौथीतच शाळा सुटली. पुढे पोटासाठी नाशिकला आलो आणि द्वारका चौकाजवळच्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात लागलो. इथे आमच्या गावाकडचं कोणी नव्हतं. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. मुलगी लता नगरपालिकेच्या शाळेत तिसरीला होती. तीही माझ्यासारखी मागे पडेल या धास्तीने मी रोज संध्याकाळी तिची वही बघायचो.

एकदा बावन्नातून अडतीस वजा केलेले दिसले. उत्तर चौदा, म्हणजे बरोबर. पण खाली हातचा कुठेच नाही, उलट वरचा पाच खोडून चार केलेला. मला वाटलं, पोरीने कुणाचं तरी बघून उतरवलं.

"बाईंनी असंच शिकवलंय," ती म्हणाली.

मी तिच्या थोबाडीत दिली आणि आमच्या गुरुजींची रीत गिरवून घेतली. बारातून आठ गेले चार, हातचा एक. तीन नि एक चार, पाचातून चार गेले एक.

त्यानंतर लताची प्रत्येक वजाबाकी चुकू लागली.

नव्या गणिताने बऱ्याच घरांत गोंधळ घातला असावा, कारण एका रविवारी दुपारी बाईंनी आम्हा आईबापांनाच वर्गात बोलावलं. समोर खराट्याच्या काड्या, दहा-दहाच्या जुड्या सुतळीने बांधलेल्या.

"पाच जुड्या, दोन काड्या. यातल्या आठ काड्या मला द्या."

एकाने दोन सुट्या काड्या तेवढ्या पुढे केल्या.

"अहो, सोडा की एक जुडी. सुतळीला काय घाबरता?"

देवळा तालुक्याकडची एक आई हिरमुसून म्हणाली, "मंग आमचं खोटं शे का, बाई?"

"खोटं कशाला असेल, ताई? तुम्ही वर दहा वाढवता, तेवढेच खाली वाढवता. आम्ही वरचीच जुडी सोडतो. दोन्ही वाटा घोटीच्या बाजारालाच जातात. पण अर्ध्यात वाट बदलायला लावलीत, तर पोर रानात राहतं."

सगळे हसले. मग बाईंनी नाव न घेता एक वही दाखवली. लताची. "हे बघा. वरून माझा एक काढलाय, खाली घरचा एक मिळवलाय. चौदाच्या जागी चार. या पोरीने कुणालाच नाराज केलं नाही."

सगळे गेल्यावर मी काड्या गोळा करायला थांबलो.

"लताचे बाबा, काही सांगायचंय का?"

"नाही, बाई."

त्या थांबल्या. दहा काड्या मोजून सुतळी बांधली, पुन्हा माझ्याकडे बघितलं. मी चपला घातल्या आणि निघालो.

घरी येऊन लताला म्हटलं, मला शिकव. तिने शिकवलं. महिन्याभरात तिची वजाबाकी सुधारली, आणि हे ऋण बाईंचं. त्यांना खरं सांगायला मी कितीदा शाळेच्या फाटकापर्यंत गेलो आणि माघारी आलो.

दिवाळीच्या सुट्टीत बाई काविळीने गेल्या.

शोकसभेत हेडमास्तर म्हणाले, पालकांपैकी कोणी बोलावं. मी कसा उभा राहिलो, कळलं नाही. बाईंच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत म्हणालो, "बाई, मी लताला मारलं होतं. तिचं गणित बरोबर होतं."

लताने माझा सदरा ओढला.

"बसा, बाबा. बाईंना माहीत होतं. मीच सांगितलं होतं."

"मग काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, 'माझं चुकलं' असं बाबा स्वतः तुला सांगतील. थोडं थांब."

मी खाली बसलो. खुर्चीला सांगून झालं होतं. लताला सांगायचं अजून बाकी होतं.